मदत हवी आहे: ग्रॅव्हवरच्या मराठी-कन्नड ब्लॉगमध्ये महिने इंग्रजीतच दिसतात

मंडळी, खानापूर तालुक्यातल्या जुन्या देवळांवर ग्रॅव्ह या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटा ब्लॉग चालवतोय. डेटाबेसची भानगड नाही. एक लेख म्हणजे एक फोल्डर, आत मार्कडाउन (साध्या मजकुराची) फाइल. फोल्डर पेनड्राइव्हवर ओढलं की बॅकअप झाला. मला तर हेच आवडलं.

लेख दोन भाषांत आहेत. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराच्या फोल्डरात मराठीची एक फाइल, कन्नडची एक. फाइलच्या नावात ‘एमआर’ आणि ‘केएन’ घातलं की ग्रॅव्ह ओळखतं. मेनू, बटणं नीट बदलतात. तारीख मात्र हट्टी! मथळा मराठी, आणि खाली महिना इंग्रजी लिपीत. ग्रॅव्हची पानं ट्विग या टेम्पलेट भाषेत मांडली जातात; तिचा तारीख लिहिणारा डेट फिल्टर पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या फॉरमॅटवर चालतो, तो साइटची भाषा बघतच नाही. होस्टिंगवर इंटल एक्स्टेन्शन (पीएचपीत भाषेनुसार तारखा दाखवणारी जोड) नाही, होस्टिंगवाल्यांना विचारलं की ‘बघतो’ म्हणतात.

मूळ थीममध्ये बदल नकोत, अपडेट आलं की पुसले जातील. म्हणून चाइल्ड थीम (मूळ थीमवर आधारलेली वेगळी थीम) केलीय. त्यात बारा महिन्यांची यादी भाषेच्या फाइलमध्ये ठेवून ‘टीए’ फिल्टरनं (हा यादीतला हवा तो शब्द चालू भाषेत देतो) महिना काढायचा विचार आहे (यादी शून्यापासून मोजते, म्हणून महिन्यातून एक वजा). कुणी असं केलंय का? आकडेही देवनागरीत आणि कन्नडात हवेत, त्याला ट्विगचा रिप्लेस फिल्टर पुरेल की प्लगिनच लिहावं लागेल?

आणखी एक. देवनागरी स्लग (पानाच्या लिंकमधलं नाव) ठेवला तर व्हॉट्सॲपवर लिंक टक्क्यांच्या चिन्हांनी भरून लांबलचक होते. दोन्ही भाषांना एकच रोमन स्लग ठेवलेला चालतो का?