विषय: गोल्फचे क्लब घ्यायचेत, पण खिसा सांभाळून

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या गोल्फ गटात यायचं आहे, पण नव्या सेटवर खर्च करायची सध्या तयारी नाही. एक वापरलेला सेट मिळतोय: ३ ते ९ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज, ९ अंशांचा ड्रायव्हर (शाफ्ट म्हणजे दांडा स्टिफ, कडक), ३ वुड, पटर आणि बॅग. आयर्नचे शाफ्ट स्टीलचे आहेत. माझी उंची ५ फूट ६ इंच, उजव्या हाताने खेळणार. हा सेट घ्यावा का? सौ.लाही शिकायचं आहे. तिला यातलेच काही क्लब चालतील का?

———

वि: गोल्फचे क्लब घ्यायचेत, पण खिसा सांभाळून

भाऊ,

आधी क्लबची संख्या डोक्यातून काढा. नियमाप्रमाणे खेळताना जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, कमीत कमी किती याला काही बंधन नाही. सुरुवातीला सात भरपूर झाले: ५ वुड, ४ किंवा ५ नंबरचा हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला प्रकार), ६ आयर्न, ८ आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज, पटर. ड्रायव्हर सहा महिने नसला तरी काही अडत नाही.

आता तुमचा सेट. त्यातले ३ आणि ४ आयर्न तुम्ही बॅगेतून काढणारही नाही. इतक्या कमी लॉफ्टच्या (लॉफ्ट म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, फेसचा, कल; तो अंशांत मोजतात) आयर्नने बॉल उचलायला स्विंगला वेग लागतो, आणि नवशिक्याकडे नेमका तोच नसतो. हायब्रिड त्यासाठीच असतो. ९ अंशांचा स्टिफ ड्रायव्हर तर शिकणाऱ्याने घेऊच नये. बॉल वर चढत नाही आणि स्लाइस (बॉल उजवीकडे वळणं) वाढतो. १०.५ ते १२ अंश आणि रेग्युलर फ्लेक्स (शाफ्टचा लवचीकपणा) बघा. ढोबळ मानाने ड्रायव्हरचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर रेग्युलर, त्याखाली सिनियर, त्यावर स्टिफ. मात्र फ्लेक्सच्या नावाला सर्व कंपन्यांचं मिळून एक माप नाही. एकीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका कडक निघू शकतो.

आयर्नच्या आकड्यांचंही तसंच. जुन्या सेटमध्ये ७ आयर्न ३४-३५ अंशांचा असायचा, हल्लीच्या ‘लांब जाणाऱ्या’ सेटमध्ये तो २८-३० वर आलाय. जुना पिचिंग वेज ४८च्या आसपास, नवा ४३-४४. म्हणून वेगवेगळ्या सेटचे तुकडे जमवताना आकडा बघू नका, लॉफ्ट विचारा. ४४चा पिचिंग वेज आणि ५६चा सँड वेज घेतलात तर मध्ये १२ अंशांचं भगदाड पडतं आणि तिथे ५०चा वेज विकत घ्यावा लागतो. स्वस्तात घेतलेला सेट असा हळूहळू महाग पडतो.

आयर्नची मागची बाजू बघा. पोकळ खाच असेल (कॅव्हिटी बॅक) तर घ्या. पातळ, सपाट ब्लेड असतील तर फुकट मिळाले तरी सोडा.

नवा बॉक्स सेटही वाईट नसतो, पण ‘१२ पीस’ वाचून भुलू नका. त्यात बॅग आणि हेडकव्हरही मोजलेले असतात, प्रत्यक्ष क्लब आठ-नऊच. ते विकत घेताना ठीक, पण पुढे विकायला गेलात तर फारसे पैसे येत नाहीत. नावाजलेल्या कंपनीचे आठ-दहा वर्षांपूर्वीचे वापरलेले आयर्न त्या बाबतीत बरे.

———

वि: वि: गोल्फचे क्लब घ्यायचेत, पण खिसा सांभाळून

ताईंनी काय घ्यायचं ते सांगितलंय, मी कसं तपासायचं ते लिहितो. दिवसाउजेडी जा. सोबत छोटं चुंबक आणि मोजपट्टी ठेवा.

प्रत्येक आयर्न डोळ्यासमोर आडवा धरून शाफ्टच्या रेषेत बघा. स्टीलचा शाफ्ट वाकलेला असेल तर लगेच कळतं. तो सरळ करायच्या भानगडीत पडू नये, पुन्हा तिथेच वाकतो. वरवरचा गंज पुसून जातो. पण नखाला खड्डे लागत असतील तर सोडून द्या. ग्रॅफाइट शाफ्टवर बोट फिरवा. रंग उडालेला चालेल, आडवी भेग किंवा सुटलेले तंतू चालणार नाहीत. बॅगेच्या तोंडावर घासून घासून शाफ्टवर एक पट्टा झिजतो, तिथे नीट बघा.

मग डाव्या हातात ग्रिप, उजव्या हातात हेड धरून पिळा. जरा जरी हललं किंवा कट् असा आवाज आला तर आतलं इपॉक्सी (हेड चिकटवणारा डिंक) गेलंय.

ड्रायव्हर कानाशी धरून हलवा. खुळखुळ आली तर बहुतेक वेळा आत सुटलेला डिंकाचा गोळा असतो, म्हणजे त्रासदायक पण निरुपद्रवी. फेसवर केसाएवढी चीर मात्र बाद. वरच्या रंगावर टीच्या (बॉल ठेवायच्या खुंटीच्या) उंच फटक्याचे पांढरे ओरखडे असतील तर ते फक्त भाव पाडायला वापरायचे, खेळावर परिणाम शून्य. हॉझल (हेडची नळी, जिच्यात शाफ्ट बसतो) फिरवता येणारा असेल तर पाना मागून घ्या. त्यातला अडॉप्टर (शाफ्ट जोडणारा तुकडा) एका कंपनीचा दुसरीला बसत नाही, हे शाफ्ट बदलायला गेल्यावर कळून उपयोग नसतो.

जुना ड्रायव्हर घ्यायला लोक उगाच बिचकतात. हेडच्या आकाराला ४६० घनसेंटिमीटरची मर्यादा आहे, फेसच्या उसळीलाही यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम करणाऱ्या संस्थांनी मर्यादा घातली आहे. २००५-१०च्या सुमारास बहुतेक कंपन्या त्या दोन्ही मर्यादांना टेकल्या होत्या. त्यानंतरची सुधारणा मुख्यतः चुकलेला फटका सांभाळून घेण्यात आहे.

जुन्यात घेऊ नये असा एकच क्लब: घासलेला सँड वेज. फेसच्या मधोमध खाचांवरून नख फिरवा. कडेच्या खाचांत नख अडकतं आणि मधे घसरतं, तर बॉलला फिरकी बसणार नाही. उलट पटरला वय नसतं. फेस सरळ असला, लांबी ३३ ते ३५ इंचांत असली की झालं.

नकली मालापासून सावध. हेडला प्लास्टिक गुंडाळलेला ‘कोरा’ सेट अर्ध्याहून कमी भावात मिळत असेल तर पाय मागे घ्या. अक्षरांतला रंग बाहेर आलेला, दोन आयर्नवर अक्षरांची जाडी वेगळी, फेरूल (हेडच्या वर शाफ्टवर बसणारं प्लास्टिकचं कडं) आणि हेडमध्ये फट, या खुणा. टायटॅनियम म्हणून विकलेल्या ड्रायव्हरच्या फेसला चुंबक चिकटलं तर ते टायटॅनियम नाही. न चिकटणं हा मात्र पुरावा नव्हे, ॲल्युमिनियमलाही ते चिकटत नाही. पिंग कंपनीच्या आयर्नवर हॉझलला सिरियल नंबर असतो. तो कंपनीला कळवला की मूळ लांबी, लाय (शाफ्ट आणि जमीन यांतला कोन) वगैरे सगळं सांगतात. त्यांच्या हेडवरचा रंगीत ठिपका म्हणजे लाय-कोन. काळा म्हणजे स्टँडर्ड.

लाय जुळतोय का ते सोलला (हेडच्या तळाला) चिकटपट्टी लावून कडक फळीवरून फटका मारला की दिसतं. खूण टोच्या (हेडच्या टोकाच्या) बाजूला आली तर क्लब तुम्हाला सपाट पडतोय आणि बॉल उजवीकडे जाणार, हीलकडे (शाफ्टच्या बाजूला) आली तर उलट. १-२ अंश वाकवून मिळतात, ओतीव हेड त्यापलीकडे वाकवायला गेलात तर मोडू शकतं.

अवांतर: क्रिकेटमध्ये डावरी बॅटिंग करणारे पण उजव्या हाताने लिहिणारे इथे बरेच आहेत. त्यांनी दोन्ही बाजूंनी फटके मारून बघितल्याशिवाय काही घेऊ नये. डावरे क्लब वापरलेल्यांत कमी मिळतात आणि नंतर खपतही नाहीत.

———

वि: वि: वि: गोल्फचे क्लब घ्यायचेत, पण खिसा सांभाळून

ताई, दादा, आभार. ड्रायव्हर, ३ वुड आणि ३ व ४ नंबरचे आयर्न वगळून द्यायला मालक तयार आहेत. आयर्न कॅव्हिटी बॅक आहेत, शाफ्ट सरळ. दोन अडचणी: सगळ्या ग्रिप दगडासारख्या कडक झाल्यात, आणि ८ आयर्नचा काळा फेरूल दोन-तीन मिलिमीटर वर सरकलाय. शिवाय सौ.साठी एखादा जुना सेट कापून लहान करावा का?

———

वि: वि: वि: वि: गोल्फचे क्लब घ्यायचेत, पण खिसा सांभाळून

भाऊ,

वहिनींसाठी कापू नका. अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप) साधारण तीन अंकांनी उतरतं आणि शाफ्ट कडक होतो. त्यांना हवं नेमकं त्याच्या उलट. बायकांच्या सेटचे शाफ्ट साधारण इंचभर आखूड, हलके आणि लवचीक असतात. त्यातलेच वापरलेले चार क्लब बघा: हायब्रिड, ७ आयर्न, पिचिंग वेज, पटर. सँड वेज दोघांत एक चालेल.

ग्रिपचा खर्च भावातून वळता करा. मालकासमोर क्लब मोजा, तितक्या ग्रिप. बदलणं घरी जमतं. आकडीचं पातं घेऊन जुनी ग्रिप स्वतःपासून दूर कापायची. ग्रॅफाइटवर साधा कटर वापरू नका, तंतू कापले जातात. जुनी टेप हेअर ड्रायरने गरम करून ओढायची. दोन्ही बाजूंनी चिकटणारी नवी टेप साधारण १० इंच लावायची आणि अर्धा इंच शाफ्टच्या तोंडात दुमडायची. ग्रिपचं भोक टीने बंद करून आत सॉल्व्हंट ओतायचं, घुसळायचं, मग तेच टेपवर ओतून ग्रिप एका दमात सरकवायची. सॉल्व्हंटची कंजुषी केली की ग्रिप अर्ध्यात अडकते आणि मग कापून टाकण्यावाचून इलाज नाही. पेट्रोल वापरू नका, खिडक्या उघड्या ठेवा. सरळ करायला अर्धा मिनिट मिळतो. रात्रभर वाळू द्या. फिरत्या हॉझलच्या क्लबला उंचवटा नसलेली गोल ग्रिपच घ्यायची, नाहीतर सेटिंग बदललं की उंचवटा बोटांखाली भलतीकडे येतो.

फेरूल नुसता सरकला असेल तर ते दिसण्यापुरतं. गरम पाण्याने मऊ करून खाली ढकलता येतो. पण दादांनी सांगितलंय तसं हेड पिळून बघा. हललं तर ते काढून पुन्हा बसवावं लागेल. तुमचा शाफ्ट स्टीलचा आहे, म्हणून हॉझल हीटगनने तापवून हेड ओढता येतं. ग्रॅफाइटला ही उष्णता सोसत नाही. शाफ्टचं टोक आणि हॉझलची आतली बाजू काचकागदाने खरखरीत करा, दोन भागांचं इपॉक्सी समप्रमाणात कालवून दोन्हीकडे लावा, हेड फिरवत बसवा, बाहेर आलेलं लगेच पुसा आणि २४ तास उभं ठेवा. त्याआधी मोह झाला तर बॉलच्या पुढे हेड जाईल.