सारांश पाठ करून निबंध जमत नाही

'कादंबरीचा सारांश पाठ करा, इंग्रजीचा निबंध आपोआप जमतो' असं सांगितलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. कथानक माहीत हवंच, पण निबंध उभा राहतो तो मूळ मजकुरातल्या एखाद्या शब्दावर. जॉर्ज ऑर्वेलची १९४५ ची कादंबरी 'ॲनिमल फार्म' घ्या. त्यात प्राणी मालकाला हाकलून शेत ताब्यात घेतात आणि स्वतःसाठी आज्ञा भिंतीवर लिहितात. सुरुवातीला त्यातली एक आज्ञा अशी, की कुठल्याही प्राण्याने पलंगावर झोपायचं नाही. पुढे डुकरं खुशाल पलंगावर झोपू लागतात आणि भिंतीवरच्या त्याच आज्ञेत 'चादर घालून' एवढंच वाढलेलं दिसतं. सारांशात हे हमखास गळतं!

शाळेत माझा पहिला बरा निबंध याच दोन शब्दांवर झाला. समासात पेन्सिलीने 'आधी काय होतं?' लिहून मागची पानं उलटली, तिथेच मुद्दा सापडला. कथा सांगायची गरजच पडली नाही.