जागतिक महामंदी सातवीच्या मुलांना वाचन-लेखनातून कशी शिकवावी?

प्रश्न (शिक्षिका, तासगाव)
ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत अमेरिकेतील सुमारे चौथा हिस्सा कामगार बेकार झाले, एवढे वर्गात सांगून झाले. त्यानंतर ‘बेकाराच्या मुलाचे मनोगत’ लिहायला दिले, तर साऱ्या वह्यांत एकच निबंध आला: बाबा रडले, आई रडली, मी उपाशी झोपलो. कारणे उमगल्याची खूण कुठेच दिसत नाही. काय करावे?

उत्तर (निवृत्त शिक्षक, वाई)
मॅडम, मनोगत शेवटी ठेवावे. आधी हिशेब लिहून घ्यावा. १९२८ ते १९३४ या काळात आपल्या देशात गव्हाचा भाव निम्म्यावर आला, परंतु सरकार शेतसारा कमी करायला तयार नव्हते. सारा बारा रुपये आणि भाव मणाला चार रुपये धरला, तर पूर्वी तीन मण विकून भागत असे. भाव दोनवर येताच सहा मण विकावे लागतात, आणि घरात खायला उरत नाही म्हणून सावकाराचे दार गाठावे लागते. (हे आकडे सोयीसाठी घेतले आहेत, असे फळ्यावर ठळक लिहावे, नाहीतर मुले तेच परीक्षेत उतरवतात.)

एखादा मुलगा हमखास विचारतो, ‘धान्य स्वस्त झाले, हे चांगलेच नाही का?’ त्याला गप्प बसवू नये. ज्यांचा पगार ठरलेला होता, त्या शहरी नोकरदारांना ती स्वस्ताई खरोखरच मानवली. म्हणून अर्ध्या वर्गाने साताऱ्यातील कारकुनाच्या आणि अर्ध्याने वाळव्याच्या शेतकऱ्याच्या वतीने एकाच आठवड्याची रोजनिशी लिहावी. वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता.

उत्तर (ग्रंथपाल, सांगली)
सरांच्या सूचनेला वाचनाची जोड देता येईल. त्या काळात अमेरिकेतील हजारो मुलांनी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांना पत्रे लिहून कपडे, बूट अशा वस्तू मागितल्या होत्या. अशा दोन-तीन पत्रांचा सोपा अनुवाद वर्गात वाचावा. मुलांनी रडगाणे न गाता नेमकी वस्तू मागितली आहे, हे विद्यार्थ्यांना दाखवून द्यावे, कारण तुमच्या चाळीस वह्यांत नेमके तेच हरवले आहे.

आत्मवृत्त लिहून घ्यायचेच असेल, तर मोडीत गेलेल्या सोन्याच्या पुतळीचे (गळ्यातल्या माळेतील सोन्याच्या नाण्याचे) घ्यावे. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे पौंडाची सोन्याशी बांधलेली ठरावीक किंमत, सोडला, पौंडाशी जखडलेल्या रुपयात सोन्याचा भाव चढला आणि अडलेल्या घरांतील दागिने सराफामार्फत परदेशी गेले.

प्रश्नकर्त्या शिक्षिका
दोघांचेही आभार. महामंदीत बुडालेल्या बँकांचा भाग मात्र मी तूर्त वगळते. वर्गातील दोन मुलांच्या घरची ठेव एका पतसंस्थेत अडकली आहे.

उत्तर (निवृत्त शिक्षक, वाई)
वगळू नका, मॅडम. लेखन देऊ नका, एवढेच. सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागायला आले, तर चांगली बँकसुद्धा का अडचणीत येते, हे भिशीच्या उदाहरणाने तोंडी समजवा. त्या दोन मुलांना बोलावेसे वाटले, तर ती आपणहून बोलतील.