बी विंगच्या पार्किंगमधला पांढरा धूर

सेक्रेटरी (ए-101): आज सकाळी बी विंगच्या पार्किंगमध्ये कोणाची गाडी एवढा पांढरा धूर सोडत होती? तळमजल्यावरच्या घरांत दारं-खिडक्या लावून घ्यायची वेळ आली.

नितीन (बी-204): माझीच हो. 2012 ची पेट्रोल गाडी. गॅरेजवाल्यानं गाडी न बघताच फोनवर सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं पॅकिंग) गेलं, घेऊन या. कूलंट (इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) दर आठवड्याला कमी होतंय, पण खाली थेंबसुद्धा दिसत नाही.

प्रिया (सी-302): थंडीत सगळ्यांच्याच गाड्यांतून धूर येतो की. माझ्या सीएनजीच्या सायलेन्सरमधून तर पाणी टपकतं.

देशमुख काका (बी-103): प्रिया, तुझ्या गाडीला काही झालेलं नाही. इंधन जळलं की पाण्याची वाफ होतेच, सीएनजीत जरा जास्त. सायलेन्सर गार असला की तिचं पाणी होतं. गाडी तापली की बंद व्हायला हवं. नितीन, तुझा धूर गाडी तापल्यावर थांबतो का? आणि वास कसा येतो?

नितीन: थांबत नाही काका. वास गोडसर आहे. सकाळी सुरू केली की मिनिटभर मिसिंग मारते, झटके देत चालते, मग नीट चालते.

देशमुख काका: मग कूलंट आत जळतंय असं वाटतं. रात्रभर थोडं थोडं सिलिंडरमध्ये झिरपतं, म्हणून सकाळी मिसिंग. पण तेवढ्यावरून हेड खोलू देऊ नकोस. एसटीच्या वर्कशॉपमध्ये माझा जन्म गेला, धुराच्या रंगावर इंजिन खोललेलं मला कधी पटलं नाही. उद्या इंजिन एकदम गार असताना रेडिएटरचं झाकण काढ, गाडी सुरू कर आणि आत बघ. सतत बुडबुडे आले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. गरम इंजिनवर झाकणाला हात लावायचा नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं, उसळून तोंडावर येतं.

नितीन: ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखं पिवळट काहीतरी जमलंय. म्हणजे गेलंच ना?

देशमुख काका: डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघ. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल तर घाबरू नकोस. ऑफिस इथल्या इथे, इंजिन पुरतं तापतच नाही, मग वाफ झाकणाला धरते. डिपस्टिकवरही दुधाळ दिसलं तर मात्र गाडी सुरूच करू नकोस, बेअरिंग जातील.

संजय (ए-402): रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका. गावाकडे ट्रकवाले हेच करतात.

देशमुख काका: रेडिएटरला टाचणीएवढं भोक असेल तर घर गाठण्यापुरती चालते. गॅस्केटला हळद काय करणार? उलट हीटरच्या नळ्या चोंदतात. बाटलीतून मिळणाऱ्या लीक-स्टॉपचंही तेच.

संजय: 😀 बरं. पण माझ्या गाडीखाली पण रोज पाणी असतं, डावीकडे.

देशमुख काका: एसी लावलेला असतो ना? साधं, बिनवासाचं पाणी असेल तर ते एसीचं. रंगीत, बोटाला बुळबुळीत लागलं तर कूलंट. नितीन, तू वॉटर पंपाखाली आणि होजच्या क्लिपांपाशी वाळलेले पांढरे-हिरवे ओघळ शोध. बारीक गळती गरम इंजिनवर वाळून जाते, खाली थेंब पडतच नाही.

स्मिता काकू (बी-001): कूलंट सांडलं तर लगेच धुवा हं. मांजरं चाटतात. किडन्या जातात. डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय.

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. उद्या टँकर 7 वाजता.

प्रिया: राहू द्या हो, उपयोगाचं चाललंय.

(शनिवार)

नितीन: दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली. डिपस्टिक स्वच्छ. रेडिएटरला पंप लावून दाब दिला, तो हळूहळू उतरला, बाहेर मात्र कुठेही ओल नाही. तीन प्लगांपैकी दोन तपकिरी, एक धुतल्यासारखा लख्ख. मग रेडिएटरच्या तोंडावर निळ्या पाण्याची नळी धरली, ते पाणी पिवळं झालं.

देशमुख काका: आता हेड खोलायला दे. जळलेला गॅस कूलंटमध्ये येतोय म्हणून रंग बदलला. लख्ख प्लग ज्याचा, तोच सिलिंडर पाणी पितोय. मधे कधी गाडी तापली होती का?

नितीन: मे महिन्यात मेव्हण्यानं नेली होती. फॅन बंद पडला, काटा लाल झाला, तरी साहेबांनी खंबाटकी चढवली.

देशमुख काका: ॲल्युमिनियमचं हेड, वाकलं असणार. नुसतं नवं गॅस्केट टाकून बंद करतील, तसं करू देऊ नकोस. लेथवाल्याकडे आधी हेडला तडा आहे का तपासायचं, मग पट्टी ठेवून सपाटी मोजायची. 0.05 मिमीच्या वर वाक असेल तर बऱ्याच गाड्यांना फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं, लागतं, तुझ्या मॉडेलची मर्यादा विचारून घे. बोल्ट कंपनीनं सांगितलेल्या क्रमानं आणि टॉर्कनंच (तेवढ्याच जोरानं) आवळायचे. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकण नवं घाल. फॅन दुरुस्त केलास ना? नाहीतर पुढच्या मे महिन्यात पुन्हा हेच. आणि भरताना कूलंट नि डिस्टिल्ड वॉटर. टँकरचं पाणी नको, क्षार धरतात.

नितीन: 18 हजार सांगतोय. 2027 मध्ये पंधरा वर्षं होतील, आरसी रिन्यू करावी लागेल. करू का?

देशमुख काका: पत्रा सडलेला नाही, गिअरबॉक्स ठीक आहे. नुसतं फेसिंग असेल तर कर. तडा निघाला तर तिथेच थांब, मग हिशोब बदलतो.

नितीन: हेड सोमवारी लेथवर जातंय. रीडिंग कागदावर लिहून मागितलंय, इथेच टाकतो.