‘दाऊ’चं मराठी काय करावं: ‘तू’ की ‘आपण’?

शब्दवेडा
जुन्या इंग्रजीतला ‘दाऊ’ (thou, समोरच्यासाठीचं सर्वनाम) आला की अनुवादक ‘तू’ लिहून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. आजच्या इंग्रजी कानाला ‘दाऊ’ म्हणजे बायबल, प्रार्थना, राजेरजवाडे. ‘तू’ लिहिलं की त्यातला सगळा भारदस्तपणा जातो. सरळ ‘आपण’ घ्या.

चिंचेचं_पान
भारदस्तपणा नंतर चढलाय हो! १६०३ साली विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक त्याच्यावर भर कोर्टात खेकसला, ‘दाऊ’च म्हणतो मी तुला, राजद्रोह्या! अरेतुरे हाच तिथे अपमान आहे. घाला बघू इथे ‘आपण’.

मुळात ‘दाऊ’ एकवचन आणि ‘यी’ (ye) अनेकवचन, एवढाच मामला होता. १०६६ नंतर इंग्लंडात फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते आले, आणि तेराव्या शतकापासून त्यांच्या ‘वू’च्या (vous, म्हणजे ‘तुम्ही’) धर्तीवर एकट्यादुकट्या बड्या माणसालाही ‘यी’, ‘यू’ म्हणायची रीत पडली. ‘दाऊ’ उरला बरोबरीच्यांना, धाकट्यांना आणि नोकरचाकरांना. शिवाय आपल्या ‘तू’चं आणि त्याचं मूळही एकच.

शब्दवेडा
मग १६११च्या किंग जेम्स बायबलात खुद्द देवाला ‘दाऊ’ कसं?

चिंचेचं_पान
विठोबाला तुम्ही ‘अहो विठोबा’ म्हणता का? आणि त्याच बायबलात सैतानालाही एकवचनच आहे. हिब्रू-ग्रीकमध्ये एकवचन-अनेकवचनाची सर्वनामं वेगळी, भाषांतरकारांनी ती तशीच सांभाळली. आदराचा संबंधच नाही. गोव्यात १६१६ साली छापलेलं मराठी ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, ‘दाऊ’ बोलणाऱ्या पिढीतले. त्यांनीही देवाला ‘तूं’च म्हटलंय.

माजघरातून
तुम्हा दोघांचंही सरसकट चाललंय. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात आई मुलाला ‘दाऊ’ने झापते, बापाला फार दुखावलंस म्हणून. मुलगा तेच वाक्य उलटवतो, पण ‘यू’ वापरून. आपण आईला ‘तू’ म्हणतो. तिथल्या खानदानी घरात मुलाने आईला ‘यू’ म्हणायचं. ‘आई, तू दुखावलंस’ असं केलंत तर त्याचा थंड टोमणा मेला. ‘आपण दुखावलंत, आईसाहेब’ म्हणा, मग बघा कसा लागतो! म्हणजे ‘आपण’ हवंच आहे, पण ‘यू’साठी.

गल्लीतला_पंडित
पण हा ‘दाऊ’ गेला कुठे? सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणायचे, देवापुढे सगळे सारखे म्हणून. त्यापायी मार खाल्ला, तुरुंगही पाहिला. काही जण म्हणतात, त्यांच्यामुळेच बाकीच्यांनी तो शब्द टाकला. मला हे ओढूनताणून वाटतं. समोरचा किती मोठा हे कळेनासं झालं की माणूस जपून आदराचंच बोलतो. आपल्याकडे कर्जाची वसुली करणारा फोनवर ‘आपला हप्ता थकलाय’ म्हणतो ना, तसंच. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या बोलीत मात्र ‘दाऊ’चाच ‘दा’ अजून ऐकू येतो, आणि तो काही भारदस्त नाही.

शब्दवेडा
इतिहास मान्य. पण प्रेक्षक आजचा आहे, १६०३चा नाही. त्याला जुनेपणा जाणवायला नको?

चिंचेचं_पान
हवा असेल तर क्रियापदातून आणा. ‘दाऊ’पुढच्या क्रियापदाला ‘-स्ट’ लागायचा. आपल्याकडे ‘जाणसी’, ‘म्हणसी’ तयार आहेत. सर्वनाम ‘तू’च राहू द्या.

शब्दवेडा
रंगमंचावर कोणी ‘काय म्हणसी?’ म्हणालं तर पहिल्या रांगेपासून पिटापर्यंत सगळे हसतील.

माजघरातून
विनोदी पात्राच्या तोंडी घाला मग. शेक्सपियरकडे तीही ढिगाने आहेत.