नाकाच्या ऑपरेशनसाठी नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतला चांगला सर्जन सुचवा

मानेवाडावाली
लहान भाऊ इंजिनिअरिंगला आहे. बारावीपासून म्हणतो नाक वाकडं आहे. घरात कोणालाच तसं दिसत नाही. आंघोळीनंतर आरशासमोरून हलत नाही, गाडीच्या आरशात बघतो, बंद मोबाईलच्या काळ्या काचेतही बघतो. उन्हाळ्यात इथे सगळेच तोंडाला दुपट्टा बांधतात म्हणून लक्षात आलं नाही, पण हा जानेवारीत वर्गातसुद्धा मास्क काढत नाही. फोटो काढतील म्हणून चुलत बहिणीच्या लग्नाला आला नाही. आता ऑपरेशन हवंय. बाबा म्हणतात, करून टाकू एकदाचं. कोणाकडे जावं?

संत्रानगरीकर
पोट्ट्याला जिम लावून द्या अन् मोबाईल काढून घ्या. आमच्या वेळेस आरसा पाहायला वेळ कुठं होता बाप्पा!

धंतोली_ओपीडी
भाऊ, जिमने हे जात नाही. काही पोरांना तर पिळदार शरीर असूनही आपण काडीच आहोत असं वाटत राहतं, तोही याच आजाराचा प्रकार.

ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. सर्जनच्या आधी सायकियाट्रिस्टला दाखवा. निदान समोर बसूनच होतं, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरची शंका येते. इतरांना न दिसणाऱ्या किंवा नगण्य दोषाचा दिवसभर विचार, आरसा, लपवालपवी, आणि त्यापायी कॉलेज-नातेवाईक सुटणं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, हा ओसीडीच्या (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा) गटात आहे. शंभरात साधारण दोघांना होतो, सुरुवात बहुधा किशोरवयातच. याला नखरे म्हणू नका. त्याला ते नाक खरंच वाकडं दिसतं. म्हणूनच ऑपरेशनने बहुतेकांचं समाधान होत नाही. नाक झालं की हनुवटी खुपायला लागते.

उपचार आहेत. सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याच्या थेरपीत, टप्प्याटप्प्याने मास्कशिवाय टपरीवर जायचं, आरशात तपासायचं नाही, असा सराव करून घेतात. जोडीला फ्लुओक्सेटिनसारखी एसएसआरआय गटाची, नैराश्यावरही देतात ती औषधं. डोस बरेचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि परिणाम दिसायला बारा आठवडेही लागू शकतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून मनाने बंद करू नका.

मानेवाडावाली
तो सारखा विचारतो, "आज जास्त वाकडं दिसतंय का?" आई म्हणते, "नाही रे राजा, सरळ आहे." पाच मिनिटांनी परत तेच. काय उत्तर द्यायचं?

धंतोली_ओपीडी
वाद घालू नका आणि दर वेळी तपासूनही देऊ नका. आईच्या उत्तराने त्याला घटकाभर बरं वाटतं, म्हणूनच तो परत विचारतो. "तुला त्रास होतोय हे कळतंय, पण नाकाबद्दल मी बोलणार नाही, चल चहा घेऊ," एवढंच. डॉक्टरकडे नेतानाही नाकावर बोलू नका. अभ्यास होत नाही, झोप नाही, त्यासाठी जाऊ म्हणा.

आणखी एक, यात आत्महत्येचे विचार बऱ्याच जणांना येतात. थेट विचारा, विचारल्याने विचार डोक्यात भरत नाहीत. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दाखवा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

खड्डेवाला_दादा
मला हे गालावरच्या खड्ड्यांचं होतं. क्रीम, पीलिंग, लेझर सगळं झालं, शेवटी स्किनच्या डॉक्टरबाईंनीच सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. तेव्हा राग आला होता. खड्डे आजही कधीकधी डोक्यात येतात, पण ऑफिसच्या ग्रुप फोटोत आता पुढच्या रांगेत असतो. खर्चाचा प्रश्न असेल तर मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) किंवा मिहानच्या एम्सला सायकियाट्रीची ओपीडी आहे. मेडिकलला केसपेपरची लाईन मोठी असते, सकाळी लवकर जा. सरकारी मनोरुग्णालयाच्या पागलखाना चौकाचं नाव ऐकून घरचे दचकत असतील तर सांगा, तिकडेच जावं लागतं असं नाही.

मानेवाडावाली
बाबांना वाचून दाखवलं. सर्जनची वेळ आधीच घेऊन ठेवलीय म्हणे, आता काय करू?

धंतोली_ओपीडी
पुढे ढकला. नाहीच जमलं तर तुम्ही आधी फोन करून मास्क, आरसा, लग्न सगळं सर्जनच्या कानावर घाला. नीट सर्जन असेल तर तोच आधी आमच्याकडे पाठवेल. पैसे मात्र तोवर भरू नका.