"गंमत केली" म्हटलं की सुटलं? चिनी विद्यापीठांतलं लागट बोलणं

भिरभिरी
नानजिंगमध्ये पीएचडी करत होते तेव्हाची गोष्ट. परदेशी विद्यार्थ्यांचं वसतिगृह वेगळं, पण सकाळपासून रात्री दहापर्यंत लॅबमध्ये सगळे एकत्रच. वरच्या वर्षाच्या मुलाला तिथे 'शीश्योंग' म्हणतात, म्हणजे थोरला गुरुबंधू. आमच्या एका शीश्योंगने हेनान प्रांतातून आलेल्या नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात सगळ्यांदेखत विचारलं, "येताना गटाराची किती झाकणं उचलून आणलीस?" हेनानचे लोक रस्त्यावरची लोखंडी झाकणं चोरतात, हा त्या प्रांतावर मारलेला जुना, घाणेरडा शिक्का. सगळे हसले. तीही हसली. मग वर्षभर त्याच्या प्रत्येक मेसेजला तिचं एकच उत्तर: "अं."

त्याचं म्हणणं, मी गंमत केली, हिचंच 'बोलीशिन', काचेचं काळीज. त्याची बाजू घेणाऱ्यांनी तिकडची म्हणही काढली: तोंड सुरीचं, काळीज टोफूचं. आपणही फणसाचं नाव घेऊन अशा माणसांना पाठीशी घालतो, म्हणून मला ते जास्तच झोंबलं.

माझं मत: शब्द लागला की नाही हे ज्याला लागला तोच सांगणार. बोलणाऱ्याने आपल्या चांगल्या मनाचा दाखला दाखवून सुटू नये.

रोखठोक
साफ नामंजूर. अकरा वर्षं यीवूच्या घाऊक बाजारातून माल पाठवतोय, ऑफिसात सगळी नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं. एकीने सुट्टी मागितली. मी वीचॅटवर, म्हणजे तिकडच्या व्हॉट्सअॅपवर, "ठीक आहे" लिहून शेजारी हसरा चेहरा टाकला. पोरीने सुट्टीच घेतली नाही! नंतर दुसऱ्याने समजावलं की तरुण पोरांत तो चेहरा म्हणजे तुच्छतेचं हसू. तो साध्या अर्थाने वापरतात ते आमच्या वयाचे लोक. तुमच्या नियमाने मी दोषी. कशाबद्दल?

आणि मुलांच्या खोल्यांत जाऊन ऐका. जिवलग मित्रांत शिवीशिवाय हाक नाही. हेतू बघायचाच नाही, तर माणसांनी एकमेकांशी मोकळं बोलायचं कधी?

जोडाक्षर
मी मंदारिन शिकवते. रोखठोक, तुमचा हसरा चेहरा आणि ती झाकणं एका मापाने मोजू नका. तुमच्याकडून खूण वापरण्यात घोळ झाला, तो एका वाक्यात निस्तरता येतो. तिथली मुलं एकेरी "अं" आणि जोडीचं "अं अं" यांतही फरक करतात. पहिलं कोरडं, दुसरं मायेचं. जवळच्या मित्राचे मात्र उठता-बसता आभार मानले, तर तोच म्हणेल, "परका समजतोस का?" त्याला शब्द आहे 'ज्येनवाय'. ताटात भाकरी वाढणाऱ्या आईला "धन्यवाद" म्हणून बघा, मग कळेल.

पण भिरभिरी, तुमच्याशीही माझं पूर्ण जुळत नाही. तुम्ही सगळा भार शब्दावर टाकलात. भाषाशास्त्रज्ञ जोनाथन कल्पेपर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड, चीन, फिनलंड, जर्मनी आणि तुर्कस्तान इथल्या विद्यार्थ्यांनी सांगितलेले उद्धटपणाचे ५०० प्रसंग तपासले. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या प्रसंगांत 'मला कमी लेखलं' ही तक्रार जास्त होती. चीनच्या प्रसंगांत 'मला न्यायाने वागवलं नाही, माझ्यावर दादागिरी केली' ही जास्त. २०१८ साली चेंगदूच्या एका कॉलेजात विद्यार्थी संघटनेच्या पदाधिकाऱ्याने ग्रुपवर नव्या मुलांना झापलं: अध्यक्षांना थेट टॅग करता? आपली पायरी ओळखून बोला. यात एक शिवी नाही. तरी देशभर लोक चिडले.

सांगलीकर
एवढा खल कशाला? १९८० पासून २०१५ पर्यंत सरकारी नियमाने घरोघरी एकच मूल. आई-बाप, दोन्हीकडचे आजी-आजोबा, सहा माणसांच्या तळहातावर वाढलेली पोरं. यांना वाकडा शब्द सोसायची सवयच नाही.

भिरभिरी
सांगलीकर, हे फार ऐकलंय आणि मला ते पटत नाही. खेड्यांत पहिली मुलगी झाली तर दुसऱ्या मुलाची परवानगी बऱ्याच प्रांतांत होती, हेनानमध्येही. ज्या मुलीबद्दल मी बोलतेय तिला धाकटा भाऊ आहे. शिवाय वसतिगृहात चार-चार, सहा-सहा जणी एका खोलीत, वर पलंग आणि खाली टेबल, खोली बदलून मिळणं कठीण. अशा ठिकाणी चार वर्षं काढणाऱ्या मुलीला सोसायची सवय नाही?

जोडाक्षर, तुमचं मान्य. झाकणांचं ते वाक्य तिने आपल्या गावच्या मैत्रिणीकडून हसत ऐकून घेतलं असतं. इथे बोलणारा थोरला होता. तिच्या प्रयोगाच्या पाळ्या लावणारा होता. तिला उलट बोलायची सोय नव्हती, म्हणून मला त्याची गंमत गंमत वाटत नाही.

रोखठोक
पाळ्यांचं आत्ता सांगताय. तेवढ्यापुरता मी मागे येतो, वरच्या माणसाने जपून बोलावं. पण हेतूचा मुद्दा सोडत नाही. त्याला खरंच कळलं नसेल तर? वर्षभर नुसतं "अं" लिहीत बसण्यापेक्षा एकदा तोंडावर सांगायचं, मला हे आवडलं नाही. न सांगता समोरच्याला शिक्षा देणं हाही अन्यायच.

भिरभिरी
तिने सांगितलं होतं. दुसऱ्या सत्रात एका रात्री वीचॅटवर त्याला लांबलचक मेसेज लिहिला, आधी मला दाखवला, मग पाठवला. वीचॅटवर दोन मिनिटांच्या आत मेसेज मागे घेता येतो. तिने घेतला. त्याला एवढीच ओळ दिसली की हिने एक मेसेज परत घेतला. दुसऱ्या दिवशी दोघं एकाच टेबलाशी बसले होते. काय लिहिलं होतंस, एवढं त्याने विचारलं नाही.